उन्हापावसाची कसोटी

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत पाऊल टाकलें, कीं अजूनहि कांहीं घरांतून हातोडीचे ठोके कानीं पडतात. पेशवाईंत पुणें वाढूं लागलें तेव्हां तांब्यापितळेचें काम करणारीं कुटुंबें येथें स्थायिक झालीं, आणि त्यांच्या हातच्या हंड्यांनीं, घंगाळांनीं व बंबांनीं पुण्यांतील घरें भरलीं. या भांड्यांविषयींची एक गोष्ट आपल्या आजीपणजींस कोणी न शिकवितां ठाऊक असे. तांब्याचें भांडें पिढ्यान् पिढ्या टिकतें खरें; परंतु त्यांत ताक किंवा आमटी ठेवावयाची, तर आंतून कथलाची कल्हई असली पाहिजे. कल्हई उडाली, कीं ताक कळकलेंच. म्हणून भांड्याची पारख बाजारांतील चकाकीवरून होत नसे. विस्तव, पाणी आणि आंबट यांच्या रोजच्या संगतींत तें कसें राहतें, यावरून होत असे.

हा जुना धडा आज आठवण्यास कारण आहे. याच पेठेच्या गच्च्यांवर अलीकडे निळ्याकाळ्या सौर पॅनेलांच्या रांगा दिसूं लागल्या आहेत. घरगुती सौर विजेस साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाल्यापासून तर मध्यमवर्गीय कुटुंबांतून हा विषय लग्नमुंजीच्या खर्चाइतक्याच गांभीर्यानें बोलला जातो. हीं पॅनेलें सिलिकॉनचीं असतात. परंतु त्यांच्या मागोमाग एक नवा पदार्थ येत असल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. त्याचें नांव पेरोव्हस्काइट. तो सिलिकॉनहून पुष्कळच पातळ थरांत काम करतो, शाईसारखा कांचेवर पसरतां येतो, त्यास सिलिकॉनच्या भट्ट्यांचा प्रचंड ताप लागत नाहीं, आणि लहानशा घटांत उन्हाची वीज करण्यांत तो सिलिकॉनच्या तोडीस आला आहे. या वार्तांत बहुधा एकच आंकडा असतो: शेंकडा किती प्रकाशाची वीज झाली. हा पदार्थ गच्चीवर किती पावसाळे काढील, हा दुसरा आंकडा क्वचितच छापला जातो. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या आंकड्याच्या इतिहासाविषयीं आहे. कारण गृहस्थाचा पैसा आणि कर्जाचे हप्ते अखेर त्याच आंकड्याशीं बांधलेले असतात.

या इतिहासाच्या आरंभींच एक चमत्कारिक योगायोग आहे. १८३९ सालीं एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास असें दिसून आलें, कीं द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यांवर प्रकाश पडला असतां विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. त्याच सालीं गुस्ताव रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें उरल पर्वतांत सांपडलेल्या एका नव्या खनिजाचें वर्णन केलें आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरदाराचें नांव त्यास दिलें. प्रकाशापासून वीज आणि पेरोव्हस्काइट या दोहोंचा जन्म असा एकाच वर्षीं झाला. परंतु त्यांची गांठ पडण्यास १७० वर्षें लागलीं.

मूळचें खनिज कॅल्शियम, टिटॅनियम व प्राणवायु यांचें आहे. पुढें त्याच्यासारखी स्फटिकरचना असलेल्या सर्वच पदार्थांस तें नांव पडलें. सीझियम, शिसें आणि क्लोरिन किंवा आयोडिन यांच्या वर्गांतील मूलद्रव्यें यांपासून होणारे क्षार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माहीत झाले होते. त्यांची रचना पेरोव्हस्काइटचीच आहे आणि प्रकाशांत ते अधिक विद्युत्‌वाहक होतात, हें १९५८ सालीं डेन्मार्कमधील मोलर यांनीं दाखविलें. १९७८ सालीं जर्मनींतील डीटर वेबर यांनीं सीझियमच्या जागीं मेथिल-अमोनियम हा सेंद्रिय घटक बसविला. आणि २००९ सालीं जपानांतील योकोहामा येथें त्सुतोमू मियासाका व त्यांचे सहकारी यांनीं या पदार्थाचा सौर घट करून शेंकडा ३.८ प्रकाशाची वीज केली. त्या घटांत विजेच्या वहनासाठीं एक द्रव भरलेला होता, आणि त्या द्रवांत पेरोव्हस्काइट विरघळूं लागे. घट कांहीं मिनिटांतच मंदावत असे. या घटाचा जन्म आणि त्याच्या अकालमृत्यूचें पहिलें दर्शन हीं अशीं एकाच प्रयोगशाळेंत घडलीं.

२०१२ सालीं कोरियांत नाम-ग्यू पार्क यांनीं आणि ऑक्सफर्ड येथें हेन्री स्नेथ यांनीं द्रवाच्या जागीं घन थर वापरला, आणि शेंकडा दहाच्या आसपास मजल गेली. त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत लहान घटांचा हाच आंकडा शेंकडा २६ च्या पलीकडे पोंचला. सिलिकॉनला १९५४ सालच्या शेंकडा सहापासून २५ पर्यंत येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला होता. इतकी वेगवान प्रगति पाहून जगभरचे संशोधक या पदार्थाकडे धांवले, यांत नवल नाहीं. नवल असलेंच तर तें सामान्य वाचकाच्या समजुतीचें, कीं जो लवकर शिकतो तो दीर्घकाळ जगेलहि.

सिलिकॉनची प्रतिष्ठा कोणत्या गोष्टीवर उभी आहे, हें येथें पाहिलें पाहिजे. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त घट झाला आणि १९५८ सालीं व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून तो आकाशांत गेला. आकाशांत पाऊस नाहीं, दंव नाहीं, धूळ नाहीं. पृथ्वीवर आल्यावर त्याची खरी परीक्षा सुरू झाली. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत सरकारच्या वतीनें कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीनें १९७५ पासून टप्प्याटप्प्यानें पॅनेलें विकत घेऊन उघड्यावर मांडलीं. कोठें जोड तुटले, कोठें कडेनें पाणी शिरलें, कोठें गारांनीं कांच फुटली, कोठें घटांवरील लेप पिवळा पडला. प्रत्येक बिघाडामागून एक नवी कसोटी ठरली आणि पुढील टप्प्याच्या पॅनेलांस ती उतरावी लागली. या अनुभवांतूनच १९९३ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाचें ६१२१५ क्रमांकाचें मानक तयार झालें. पॅनेल ८५ अंश उष्णतेंत व शेंकडा ८५ आर्द्रतेंत १,००० तास ठेवावयाचें. शून्याखालीं ४० अंश ते ८५ अंश असें २०० वेळां थंड-गरम करावयाचें. २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्या त्यावर मारावयाच्या. या कसोट्या कोणा पंडितानें एकांतांत बसून कल्पिलेल्या नसून, हजारों पॅनेलांच्या अपयशांतून त्या गोळा झालेल्या आहेत.

त्याचें फळहि दिसलें. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें १९८२ सालीं विजेच्या जाळ्याशीं जोडलेलीं सिलिकॉनचीं पॅनेलें पस्तीस वर्षांनीं तपासलीं, तेव्हां त्यांतील निम्म्याहून अधिक पॅनेलें मूळ शक्तीच्या शेंकडा ऐंशींहून अधिक वीज देत होतीं. आज विक्रेता पंचवीस वर्षांची हमी लिहून देतो, ती अशा पुराव्याच्या जोरावर देतो.

या परीक्षेंत जे नापास झाले, त्यांचा इतिहासहि तितकाच बोधप्रद आहे. तांबट आळीच्या शेजाऱ्यांस कौतुक वाटावें अशी गोष्ट म्हणजे, स्वस्त सौर घटाच्या शर्यतींत एके काळीं तांबेंहि उतरलें होतें. १९५४ सालींच, म्हणजे बेलच्या सिलिकॉन घटाच्या वर्षींच, कॅडमियम सल्फाइड व तांब्याचें सल्फाइड यांच्या घटाचा शोध प्रसिद्ध झाला. तो पातळ थरांत होई, स्वस्त होई, आणि १९८० च्या सुमारास त्याची मजल शेंकडा दहाच्या जवळ गेली. परंतु तांब्याचे कण जागच्या जागीं राहीनात; ते घटांत सरकत व घट निकामी करीत, आणि ओलाव्यानेंहि त्याचें नुकसान होई. सुमारें तीस वर्षांच्या उद्योगानंतर तो मार्ग सोडून द्यावा लागला. दुसरें उदाहरण अस्फटिक सिलिकॉनचें. १९७६ सालीं त्याचा घट झाला आणि १९७७ सालीं स्टेब्लर व व्रोन्स्की या दोघांनीं दाखविलें, कीं प्रकाशाच्या माऱ्यानेंच त्याचे गुण खालावतात. हिशेबाच्या लहान यंत्रांवरील काळसर पट्टी म्हणून तो घरोघर गेला. गच्चीवरील राज्य मात्र त्यास मिळालें नाहीं.

पेरोव्हस्काइटमध्यें या दोन्ही खोडी आहेत, आणि शिवाय स्वतःच्या आणखी कांहीं. मेथिल-अमोनियमचा मूळ पेरोव्हस्काइट पाण्याच्या वाफेशीं संयोग पावतो. काळपट थर हळूहळू पिवळा होतो, कारण मागें उरतें तें शिशाचें आयोडाइड. उष्णतेनें त्यांतील सेंद्रिय भाग उडून जातो. प्रकाश आणि प्राणवायु एकत्र आले, कीं दोघे मिळून त्यास फोडतात. स्फटिकांतील आयोडिनचे आयन जागा सोडून भटकतात आणि चांदीच्या जोडास गांठून त्यास गंज आणतात. ब्रोमिन व आयोडिन यांचें मिश्रण असेल, तर प्रकाशांत तीं एकमेकांपासून फुटून निघतात. थोडक्यांत, ज्या प्रकाशावर या पदार्थानें जगावयाचें, तोच प्रकाश त्याचें आयुष्य खातो. तांब्याच्या भांड्यास आंबट टाळतां येतें. सौर पॅनेलास ऊन कसें टाळतां येईल?

उपाय दोन दिशांनीं झाले. पहिला, मूळ धातूच सुधारणें. मेथिल-अमोनियमच्या जागीं उष्णतेस अधिक सोसणारें फॉर्मामिडिनियम आणि थोडें सीझियम घालण्याची युक्ति २०१६ च्या सुमारास रूढ झाली. तांबटानें तांब्यांत दुसरा धातु मिसळून काम भागवावें, तसाच हा प्रकार. चीनमधील वूहान येथें होंगवेई हान यांच्या गटानें २०१४ सालीं धातूच्या जोडाऐवजीं कोळशाचा जाड थर वापरून एक हजार तासांहून अधिक काळ टिकणारा घट दाखविला, आणि २०१७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें अशाच धर्तीचें लहान पॅनेल प्रयोगशाळेंतील प्रकाशांत वर्षभर टिकल्याचें प्रसिद्ध झालें. दुसरा उपाय कल्हईचा. पेरोव्हस्काइट दोन कांचांच्या मध्यें बंद करावयाचा आणि कडेनें पाण्याची वाफ न शिरूं देणारी रबराची पट्टी बसवावयाची. मात्र भांड्याची कल्हई उडाली, तर कल्हईवाल्यास हांक मारतां येते. पॅनेलाची ही कल्हई एकदांच होते आणि तिनें पंचवीस वर्षें पुरावें अशी अपेक्षा असते. पंचवीस वर्षांतील नुसत्या दिवसाचे तास मोजले, तरी ते एक लक्षाच्या वर जातात. एक हजार तासांची कसोटी त्यांच्या शंभराव्या भागाएवढीहि नाहीं.

पुष्कळ दिवस प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या मापानें टिकाऊपणा मोजीत होती. कोणी अंधारांत, कोणी नायट्रोजनमध्यें, कोणी थंड दिव्याखालीं. अखेर २०२० सालीं अनेक देशांच्या संशोधकांनीं मिळून सामाईक पद्धति प्रसिद्ध केल्या आणि उघड्यावरील परीक्षेस त्यांत स्वतंत्र स्थान दिलें. तेव्हां एक विलक्षण गोष्ट ठळक झाली होती: दिवसां थकलेले कांहीं घट रात्रीं अंधारांत थोडेबहुत सांवरतात, तर कांहींची प्रकृति रात्रीं आणखी बिघडते. सतत दिव्याखालीं ठेवलेल्या घटावरून दिवसरात्रीच्या चक्रांतील घटाचें भविष्य सांगणें म्हणूनच धोक्याचें ठरतें. २०२२ सालीं रोम व क्रीट येथील संशोधकांनीं क्रीट बेटावर अशीं नऊ पॅनेलें, एकंदर सुमारें साडेचार चौरस मीटर क्षेत्रफळाचीं, उघड्यावर मांडून त्यांपासून २५० वॅटहून अधिक कमाल शक्ति मिळविल्याचें वृत्त दिलें. २०२३ सालीं सौदी अरेबियांत तांबड्या समुद्राच्या कांठच्या दमट उष्ण हवेंत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट बसविलेल्या जोडघटाचा वर्षभराचा अनुभव प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर मूळ शक्तीचा सुमारें पांचवा भाग गेला होता. सिलिकॉन पंचवीस वर्षांत जितकें गमावतें, तितकें या घटानें एका वर्षांत गमावलें. तरीहि मिनिटांपासून वर्षापर्यंतचा हा प्रवास चौदा वर्षांत झाला, हें विसरून चालणार नाहीं.

आतां कसबा पेठेच्या गच्चीवर परत येऊं. पुण्याचें हवामान मापण्यास साधनांची वाण नाहीं. भारतीय हवामान खात्याची कचेरी १९२८ पासून याच शहरांत आहे. एप्रिल-मे मध्यें पारा चाळिसाच्या आसपास जातो, आणि उन्हांतील पॅनेल हवेहून वीसपंचवीस अंशांनीं अधिक तापतें. त्या तापल्या कांचेवर वळवाची सर किंवा गार एकाएकीं कोसळते. मग जून ते सप्टेंबर भिंतींस ओल येते, ती कडेच्या पट्टींतून वाट शोधीतच असते. क्रीटमध्यें उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिंवाळ्यांत. सौदींत दमटपणा आहे, पण आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाहीं. तेथील वर्ष म्हणजे पुण्याचें वर्ष नव्हे.

आणि पेठेचें स्वतःचें असें एक संकट आहे, तें सावलीचें. गल्ल्या अरुंद, वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती एकमेकींस भिडलेल्या, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. दुपार कलली, कीं एका घराची सावली दुसऱ्याच्या पॅनेलावर पडते. पॅनेलांतील घट माळेंतील मण्यांप्रमाणें एकामागोमाग जोडलेले असतात. एक घट अंधारला, कीं बाकीच्यांची वीज त्याच्यांतून उलट दाबानें ढकलली जाते. सिलिकॉनच्या पॅनेलांत त्या विजेस बगलवाट देणारे डायोड असतात आणि तें धोरण चांगलें चालतें. पेरोव्हस्काइटचा घट मात्र थोड्याच व्होल्टच्या उलट दाबानें अल्पावधींत जायबंदी होऊं शकतो, आणि एकाच कांचेवर रेघा मारून केलेल्या अरुंद पट्ट्यांपैकीं प्रत्येकीस निराळा डायोड बसविणें सोपें नाहीं. उघड्या माळावरील परीक्षेंत हें संकट दिसून येत नाहीं. कसब्यांत तें रोज दुपारीं हजर असतें.

असें भय व्यर्थ नाहीं, हें आपल्याच देशांतील पाहणीनें सिद्ध आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें २०१० सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत्‌ संशोधन व शिक्षण केंद्रानें २०१३ पासून देशभर फिरून उघड्यावरील पॅनेलांची तपासणी केली. उष्ण प्रदेशांतील पॅनेलें थंड प्रदेशांतल्यांपेक्षां लवकर खालावतात, आणि गच्चीवरील लहान मांडणीची स्थिति मोठ्या प्रकल्पांहून वाईट असते, असें त्यांस आढळलें. हा निकाल सिलिकॉनचा, म्हणजे कसलेल्या गड्याचा आहे. नवख्यानें त्यावरून किती सावध व्हावें!

त्याच केंद्रांत प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटानें सिलिकॉनच्या घटावर अर्धपारदर्शक पेरोव्हस्काइट घट ठेवून शेंकडा २६ हून अधिक कार्यक्षमता २०२३ सालीं मिळविली. तींत दोन्ही घटांच्या तारा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. या साध्या बाबीचें टिकाऊपणाच्या दृष्टीनें मोठें मोल आहे. दोन घट एकाच माळेंत ओंवले, तर वरचा पेरोव्हस्काइट म्हातारा झाला कीं खालच्या तरण्या सिलिकॉनचाहि गळा आवळतो. तारा वेगळ्या असल्या, तर थोरला निवृत्त झाला तरी धाकटा घर चालवितो. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीनें सप्टेंबर २०२४ मध्यें शेंकडा २४.५ कार्यक्षमतेच्या जोड-पॅनेलांची पहिली व्यापारी रवानगी अमेरिकेस केली, म्हणजे हा माल आतां बाजाराच्या उंबरठ्यावर आहे. पुण्यांतहि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर या पाषाणच्या संस्थांतून पेरोव्हस्काइटवर संशोधन झालेलें आहे.

एक शंका घरांतील बायकामाणसें प्रथम विचारतील, आणि ती योग्यच आहे: त्यांत शिसें आहे ना? आहे. थर अतिशय पातळ असल्यानें चौरस मीटरमागें तें एक ग्रॅमहूनहि कमी भरतें. परंतु कांच फुटली आणि पाऊस आंत शिरला, तर शिशाचें आयोडाइड थोडें थोडें पाण्यांत उतरतें. आणि जेथें गच्चीवरील पाणी साठवून वापरतात, तेथें हा प्रश्न केवळ विजेचा राहत नाहीं. टिकाऊपणा आणि आरोग्य हीं येथें एकाच कल्हईवर अवलंबून आहेत. शिसें धरून ठेवणारे लेप संशोधकांनीं तयार केले आहेत. तेहि उन्हापावसांत तपासले गेले पाहिजेत.

मग गृहस्थानें काय करावें? ज्यास आज गच्चीवर पॅनेल बसवावयाचें आहे, त्यानें सिलिकॉन घ्यावें आणि निःशंक असावें. उद्यां कोणी विक्रेता पेरोव्हस्काइटचा स्वस्त माल घेऊन दारीं आला, तर त्यास कार्यक्षमतेचा आंकडा विचारण्याआधीं तीन प्रश्न विचारावेत: हें पॅनेल कोणत्या गांवच्या गच्चीवर किती पावसाळे राहिलें, सावलींत त्याचें काय झालें, आणि फुटलें तर तें परत कोण नेणार. उत्तर कागदावरील हमीचें असेल, तर हमी देणारी कंपनी स्वतः किती वर्षांची आहे, हा चौथा प्रश्न.

परंतु केवळ संशय धरून बसणें हेंहि शहाणपण नव्हे. १९७५ सालीं कोणी पॅनेलें उघड्यावर मांडून त्यांचें फुटणें-गळणें धीरानें नोंदलें नसतें, तर आज सिलिकॉनवरहि विश्वास बसला नसता. पेरोव्हस्काइटसाठीं तें काम आतां आपल्याकडे व्हावयास हवें. पाषाणच्या प्रयोगशाळांपासून कसब्याची गच्ची फार दूर नाहीं. चार-दोन नमुन्याचीं पॅनेलें या पेठेंतील सावल्यांत, वळवांत, पारव्यांच्या विष्ठेंत आणि श्रावणाच्या ओलींत पांच वर्षें ठेवून त्यांची नोंद मराठींत व इंग्रजींत प्रसिद्ध केली, तर ती नोंद पुण्यासच नव्हे, पावसाळी प्रदेशांतील प्रत्येक गांवास उपयोगी पडेल. कार्यक्षमता प्रयोगशाळेंत एका दुपारीं मोजतां येते. टिकाऊपणा मोजण्यास तितकीं वर्षेंच जावीं लागतात. तांबट आळींतील कारागीर नवें भांडें आधीं पाणी भरून पाहतो आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातीं देतो. या नव्या भांड्यांतहि आधीं एक पावसाळा भरून पाहावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.